केसभर खळगा

वरून निरोप आला. बिनबटणाच्या काळ्या डमीवर खाली एक खळगा लागतोय, तो कुणी पाडला त्याला मीटिंगमध्ये पाठवा. ऐकलं मात्र, मामांनी हातातली कानस खाली ठेवली. खळगा? आपल्या डमीवर?

मामा म्हणजे फोन कंपनीच्या तळमजल्यावरच्या वर्कशॉपमधले सगळ्यांत जुने कारागीर. फोन अजून कागदावरच असतो, तेव्हा त्याची हुबेहूब लाकडी डमी करून द्यायची, म्हणजे वरच्या लोकांना ती हातात धरून भांडता येतं, हे त्यांचं काम. गेले सहा महिने भांडण एकच होतं : सुरुवातीच्या पडद्यावर आणणारं खालचं गोल बटण पुढच्या फोनला ठेवायचं की काढायचं. कुणी म्हणे, बटण गेलं की लोक भांबावतील. कुणी म्हणे, छे हो, चार दिवसांत सरावतील, लोक कशालाही सरावतात. शेवटी हुकूम सुटला की बटण नको, तोंड अगदी काचेसारखं सपाट करा.

आणि नेमकं बटणाच्याच जागी घासताना मामांचा अंगठा जास्त दाबला गेला असणार. त्यांना दिसलंच नाही. दोन वर्षं झाली, जवळचं त्यांना धड दिसत नव्हतं. चष्मे बदलून झाले, डॉक्टरांनीही हात टेकले. वर्कशॉपमध्ये हे एकाच माणसाला ठाऊक होतं, रंग मारणाऱ्या ताईला. प्रत्येक डमी ती दिव्याखाली तिरपी धरून बघायची, खड्डा दिसला की गुपचूप पुट्टी भरायची आणि चकार शब्द काढायची नाही. मामांची अब्रू तिच्या जिवावर टिकली होती. सकाळी ती आत आली की मामा मनातल्या मनात तिला हात जोडत. पण ही काळी डमी केली त्या सोमवारी ताई रजेवर होती, वरून घाई चालली होती, आणि रंग मामांनी स्वतःच मारून डमी पाठवून दिली होती.

निरोप ऐकून ताई हातातलं काम टाकून त्यांच्यासोबत निघाली. जिन्यात थांबून हळू आवाजात म्हणाली, "खळगा माझ्या हातून पडला असं सांगते. मला दोन शब्द ऐकवतील आणि विसरून जातील. तुम्हाला मात्र घरी बसवतील."

घरी बसून करायचं काय, हाच तर मामांचा घोर होता. या हातांना दुसरं काही येत नव्हतं. तरी ते म्हणाले, "दोन वर्षं पांघरूण घातलंस, ताई. आता माझं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

वर लांबलचक टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती. मधोमध डिझाइनच्या मॅडम, मामांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि भडाभडा बोलायलाच लागल्या. गेल्या आठवड्यात चाळीस माणसांना बोलावून प्रत्येकाच्या हातात सगळ्या डम्या आळीपाळीने दिल्या होत्या. समजा, फोनमध्ये भलतीकडेच जाऊन अडकलात, आता पुन्हा सुरुवातीला या, असं सांगितलं होतं. सपाट डम्या घेऊन लोक उलटसुलट करत बसले. काळी डमी हातात आली की अंगठा मात्र न बघता खळग्यात गेला. चाळीसच्या चाळीस जणांचा. बटण नाही, तरी वाट सापडली. सहा महिन्यांचं भांडण एका खळग्याने मिटवलं होतं.

"हे डोकं कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

ताईने टेबलाखालून मामांना कोपर मारलं. आयतं श्रेय चालून आलंय, घ्या आणि गप्प बसा, असाच त्याचा अर्थ होता. मामांना मोह झाला नाही असं नाही. पण ते उठून उभे राहिले.

"मॅडम, यात डोकं नाही, चूक आहे. मला हल्ली नीट दिसत नाही. माझ्या चुका ही ताई बुजवते. तेवढा एक दिवस ती नव्हती."

मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या साहेबांनी घसा खाकरला आणि विचारलं की दिसतच नसेल, तर यांच्याकडे काम ठेवायचं कसं. प्रश्न काही खोटा नव्हता. मामांनी मान खाली घातली.

मॅडमनी डमी दिव्यासमोर धरली, इकडून तिकडून फिरवली. खळगा कुणाला दिसतोय का, म्हणून विचारलं. ताई सोडली तर कुणालाच दिसेना.

"मलाही दिसला नव्हता. अंगठ्याला सापडला," मॅडम म्हणाल्या. "पुढचे तीन नमुने मामाच करतील. ताई तपासतील, पण आता उघडपणे."

त्यांनी डमी मामांच्या हातात दिली आणि अजून काय सुधारावं ते विचारलं. मामांनी अंगठा ठेवला. खळगा जरा उजवीकडे सरकलाय, म्हणाले, डावखुऱ्या माणसाला अडचण होईल. ताईचे आणि मॅडमचे उपकार कसे फेडायचे, तेच त्यांना कळेना.

"उजवीकडे? बघू," म्हणत घसा खाकरणाऱ्या साहेबांनीच डमी ओढून घेतली. आधी डोळे बारीक करून पाहिलं, काही कळलं नाही. मग डोळे मिटून अंगठा फिरवला आणि हळूच मान डोलावली. डमी शेजाऱ्याकडे गेली, त्याच्याकडून पुढे. आपली पाळी यायच्या आधीच एकेक जण डोळे मिटून हात पुढे करून बसला. मॅडमनीही मिटले, ताईनेही मिटले.

सगळ्या खोलीत तेवढे मामांचेच डोळे उघडे होते.