बटणांची पेटी

नुसत्या घड्याळाचे दहा लाख. पन्नासच घडवलेल्या पेट्यांपैकी घड्याळाच्याच क्रमांकाची पेटी सोबत असेल तर वीस, असं लिलावदार म्हणताच धाकटा बहिणीकडे धावला. वाटणीत वडिलांचं घड्याळ घेऊन रिकामी पेटी त्याने हसत तिला दिली होती. ताई तिच्यात शिवणाची बटणं ठेवायची. “ताई, ते खोकं दे. बटणांना नवा डबा आणतो.” “अर्धा वाटा दे, आत्ता ने.” “लाकडाचे दहा लाख? डोकं ठिकाणावर आहे ना?” “माझं आहे. तुझं बघ.” ताईने बटणं ताटात ओतली, मखमल झटकली आणि घड्याळाच्या आधीच्या लिलावात पेटी मांडली. एक हट्टी संग्राहक बोली चढवत गेला. धाकटाही इरेला पेटला. अकरा लाखांना पेटी त्याची झाली. पुढे जोडी वीसला गेली. त्याला नऊ उरले, ताईला अकरा. डबा मात्र तिने स्वतःच्या पैशाने आणला.