डावी रांग

वॉर्डातल्या सिस्टर तीन वर्षांच्या डिप्लोमावाल्या. मेट्रन मॅडम एमएस्सी झालेल्या, पण संचालकाच्या खुर्चीसाठी पीएचडी लागत होती, म्हणून त्या हात धुऊन प्रबंधाच्या मागे लागल्या होत्या. विषय होता, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस बदलण्याचे फायदे.

"सिस्टर, उजव्या रांगेतल्या सहा जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची. डावीकडच्या सहा जणांना तीन आठवडे तसंच पडू द्यायचं."

"अहो मॅडम, पाठी सोलून निघतील त्यांच्या!"

"मग? त्याशिवाय तुलना कशी होणार? तुमच्या डिप्लोमाला संशोधन नव्हतं ना, तुम्हाला नाही कळायचं."

तक्रार करावी तर वॉर्डाच्या सगळ्या तक्रारी मॅडमच्याच टेबलावर जायच्या. सिस्टरनी तिन्ही पाळ्यांतल्या मुलींच्या कानावर घातलं, आणि मॅडम जिना उतरल्या की सगळ्या जणी डाव्या रांगेकडे वळू लागल्या. "आजोबा, या कुशीवर या बघू."

तीन आठवड्यांनी मॅडम वही आणि मोजपट्टी घेऊन आल्या. डावीकडच्या पहिल्या आजोबांना त्यांनी उत्साहाने कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ, कुठे लालीसुद्धा नाही. दुसऱ्यांचीही तशीच. तिसऱ्यांपाशी येईपर्यंत मॅडमचं तोंड पार उतरलं.

जखम बघून उतरलेले चेहरे सिस्टरनी नोकरीत शेकड्यांनी पाहिले होते. धडधाकट पाठ बघून उतरलेला हा पहिलाच.