मेल्यावर रंगवलेली सुजाता

“कुणालाच पटणार न्हाई मॅडम, पर संपत पेंटरनं मेल्यावर अकरा भिंती रंगवल्या,” तातेराव म्हणाले आणि विहाराच्या खांबाला पाठ टेकून बसले. ते असे टेकून बसले की तासभर उठत नसत, हे सगळ्या कुंभार पिंपळगावला ठाऊक होतं.

ज्योत्स्नानं वही मिटली नाही. जिल्ह्यातल्या पेंटरांवरचं तिचं पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं. चाळीस नावं झाली होती, सगळी पुरुषांची. एकेचाळिसावं अडलं होतं. विहाराच्या डाव्या भिंतीवर बोधिवृक्षाखाली बसलेले बुद्ध, खाली कोपऱ्यात ‘संपत, १९८७’. उजव्या भिंतीवर सिद्धार्थापुढं खिरीची वाटी केलेली सुजाता, खाली ‘संपत, १९९६’. आणि दाराच्या वर संपतचा हार घातलेला फोटो. निधन, १९९१.

“काका, साल चुकलंय का?”

“बिलकुल न्हाई.”

“मग सुजाता कुणी काढली? नाव पक्कं नसेल तर हे चित्र मला गाळावं लागेल.”

मागं झाडूचा आवाज थांबला. संपतची बायको गिरिजाबाई रोज दुपारी विहार झाडायला येत. संपत गेला त्या दिवशी उतरवलेल्या बांगड्या त्यांनी पुन्हा भरल्या नव्हत्या. क्षणभर त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मग झाडू पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा हळू.

“गाळू नका,” तातेराव घाईनं म्हणाले. “ऐका तर खरं. मी संपतची शिडी धरणारा माणूस. तो होता तव्हाबी दुपारचं दार लावून घ्यायचा. तो आत, वैनी रंग कालवायला, अन् मी शिडीपाशी. चौथ्याला आत यायची मनाई. मंग तो गेला. काविळीनं. पाच वर्षांनी कमिटीनं ह्या भिंतीसाठी रंग आणला, तर पेंटरच मिळंना.”

“गावात एखादी बाई रंगवणारी नव्हती?”

“बाई? अन् शिडीवर? खाली बाप्ये बसलेले असताना? कमिटीनं शिडी तोडून चुलीत घातली असती.” तातेराव हसले. ते हसू दारापर्यंत गेलं आणि तिथंच विरलं. “तर भर दुपार. सगळा गाव वावरात. मी बाहेरून कुलूप घालून पायरीवर बसलो. चावी ह्या करदोट्याला. अन् आत ब्रश चालून राह्यलाय! खर्र... खर्र... टर्पेंटाइनचा वास फटीतून बाहेर. शिडी एकेक पायरी कुरकुर करतीय. एक कुत्रं आलं, दाराचा वास घेतला अन् कान पाडून माघारी गेलं. उन्हं कलल्यावर कुलूप काढलं, तर सुजाताची बोटं काढून झाल्ती. दुसऱ्या दिवशी वाटी. तिसऱ्या दिवशी खीर. अन् मॅडम, खीर गरम होती! बोट लावलं तर चटका बसला.”

“तुम्ही आत डोकावला नाहीत?”

“भुताकडं बघितलं की ते काम टाकून जातं. मंग उरलेली भिंत कुणी रंगवायची?”

ज्योत्स्ना उठून चित्राजवळ गेली. वाटीखाली पदराची दुहेरी घडी होती, गरम भांडं धरताना करतात तशी. सुजाता समोर बसलेल्या सिद्धार्थाकडं बघतच नव्हती. तिची नजर दाराकडं होती. बाहेरून कुलूप लागायचं, त्या दाराकडं.

ज्योत्स्नाला आपल्या मानेमागं कुणी उभं असल्यासारखं वाटलं. तिनं वळून पाहिलं. गिरिजाबाई पार कोपऱ्यात होत्या, पाठमोऱ्या.

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि डाव्या भिंतीला चिकटून तिरका धरला. पिंपळाच्या पानांखाली, बुद्धांच्या चिवराच्या कडेला, वाळलेल्या रंगात बारीक कमानी उमटल्या. चार-चार, शेजारी-शेजारी. सगळ्या भिंतीभर.

“काका, ह्या बांगड्यांच्या खुणा आहेत. ओल्या रंगाला मनगट टेकलंय.”

“शिडीच्या दोरीच्या असत्याल.”

“दोरी चार-चार कमानी काढते?”

तातेरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “संपत शौकीन होता जरा.”

ज्योत्स्ना टॉर्च घेऊन उजव्या भिंतीकडं आली. सुजाताचे केस, पदर, वाटी, पाय. प्रकाश इंचाइंचानं सरकत गेला. रंग गुळगुळीत होता. एकही कमान नाही.

“ब्रशचा फटकारा दोन्हीकडं एकच आहे,” ती हळूच म्हणाली. “पण इथं खुणा नाहीत.”

झाडू थांबला होता. तातेराव कोपऱ्याकडं बघत होते. हात करदोट्याकडं गेला होता, चावी नव्हती तरी. तीस वर्षं ते ही गोष्ट सांगत आले होते, आणि दर वेळी खीर जरा जास्तच गरम होत गेली होती.

“असं हाय मॅडम... मेल्यावर संपतचा हात हलका झाल्ता.”

गिरिजाबाईंनी झाडू भिंतीला उभा केला. पदराला हात पुसले आणि उजेडात आल्या.

“हात न्हाई, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मनगट.”