लखनचा आकडा

अंकितने कासरा मनगटाला गुंडाळला. एक वेढा, मग दुसरा. पुनाजीने ते पाहिले. त्याच्या मुलाने, लखननेही कासरा असाच गुंडाळला होता.

"वेढा सोड, बाबू," पुनाजी म्हणाला. "पडला तं कासरा हातातून सुटला पायजे."

नातू नुसता हसला. वेढा घेतला की दोन्ही हात मोकळे होतात आणि बैलांच्या शेपट्यांना हात घालता येतो. हे छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या घरात शिकवावे लागत नाही. पुनाजीच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा. बैल दुसऱ्याचे, छकडा दुसऱ्याचा, वर उभा राहणारा जीव तेवढा आपला. आजचे बैल अण्णाजींचे होते, बादल आणि सुलतान. पोराला आज उतरवू नका म्हणून पुनाजी सकाळीच अण्णाजींच्या पाया पडून आला होता. अण्णाजींनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले.

आष्टीकडच्या त्या गावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, नावाजलेला. मधली काही वर्षे कोर्टाने पट बंद ठेवले होते. ते सुरू झाले आणि माणसे उपासतापास सोडायला आल्यासारखी येऊन बांबूंना भिडली. इथे जोडी एकटीच सुटते. तिची शर्यत घड्याळाशी. शेवटी दोन खांबांमध्ये सुताचा धागा ताणलेला असतो, तो तुटला की घड्याळ थांबते, तोच जोडीचा आकडा. घड्याळ आता लाल आकड्यांचे आले होते. धागा जुन्या पद्धतीचाच होता.

भोंग्यावरच्या माणसाला गप्प बसणे ठाऊक नव्हते. एक जोडी जाऊन दुसरी येईपर्यंत तो जुन्या पटांच्या आठवणी काढायचा. कोणती जोडी ऐन वेळी उधळून हरभऱ्यात शिरली, कोणत्या बैलाने जिंकल्यावर धाग्यापाशीच बसकण मारली. लोक हसायचे. मग आवाज चढवून तो लखनवर यायचा. लखन छकड्यावरून पडला, फरफटला, पण जोडीने लावलेला आकडा आजवर कोणाला मोडता आला नाही. भोंग्यावरून तो आकडा ऐकला आणि पोरगा हसत गेला. यावर टाळ्या पडायच्या. मेलेल्या पोरासाठी टाळ्या! पुनाजीला त्या ऐकवत नसत. पटाच्या तोंडाशी पाटीवर लखनचे नाव होते, खाली तो आकडा. दर पटाला त्याला नवा रंग मिळायचा.

लखन गेला तेव्हा अंकित पाळण्यात होता. त्याची आई, चंचल, त्यानंतर कधी पटाला आली नाही. तिने मुलाकडून वचन घेतले होते, बापाचा आकडा मोडला की छकड्यावर पाय ठेवायचा नाही. मुलानेही तिच्याकडून कबूल करून घेतले होते, मोडेपर्यंत अडवायचे नाही. मायलेकांना हा सौदा बरा वाटला. म्हातारा मात्र ताटावरून उठला.

"थो आकडा बैलाच्यानं मोडत नाई, बाबू," पुनाजी आता म्हणाला. "कोनत्याच बैलाच्यानं मोडत नाई."

"काऊन नाई, आबाजी? माया बापानं लावला ना? मंग मले काऊन जमत नाई?"

सांगायचे तर इथेच सांगायला हवे होते. शब्द ओठांवर आलेही. पण पोराकडे बापाचे म्हणून दुसरे होते काय? एक फोटो, तोही लग्नातला, त्यात लखनचे डोळे मिटलेले. बाकी सगळा बाप त्या आकड्यातच. तोही काढून घ्यायचा? पुनाजीने तोंड मिटले. भित्रा होता म्हातारा. आपण भित्रे आहोत हे त्याला माहीत होते आणि तरी त्याने तोंड मिटले.

मी धाग्यापाशी उभा राहतो, एवढेच सांगून तो निघाला. आलुपोंगे तळणाऱ्या गाड्यांमागून वळसा घालून तो दुसऱ्या टोकाला पोचला आणि धाग्याच्या पलीकडे बांबूला धरून उभा राहिला.

झेंडा पडला. बादल आणि सुलतान सुटले. माणसे टाचा उंचावून ओरडू लागली. जोडी खरेच चांगली होती, कान मागे टाकून सरळ येत होती. धागा हाकेवर आला आणि छकड्याचे चाक ढेकळावरून उडाले. अंकितचा पाय सुटला. वेढा सुटला नाही. पोरगा चाकाशेजारी फरफटू लागला.

पुनाजी बांबूखालून घुसला. हात पसरून तो बैलांच्या सामोरा धावला, जितके या वयात धावता येते तितका. धुळीत कोणाला काही दिसले नाही. बैल त्याला चुकवून पुढे गेले आणि बांधाशी जाऊन थांबले. कोणीतरी कासरा कापला.

भोंगा किंचाळला. आकडा मोडला होता. शिट्ट्या झाल्या, दुपट्टे उडाले. लांबच्यांना तर पोरगा पडल्याचेही कळले नव्हते.

पुनाजीने त्याचे डोके मांडीवर घेतले. कानातून रक्त येत होते.

"मोडला का, आबाजी?"

"मोडला, बाबू."

अंकित हसला. मग त्याची मान कलली. आईला दिलेला शब्द त्याने पाळला. आता तो छकड्यावर कधीच पाय ठेवणार नव्हता.

अंकितचा आकडा मोडणारा कोण, असे भोंगा विचारू लागला होता. पुनाजीने मान खाली घातली. बैल पोचायच्या आधीच तुटलेला सुताचा धागा त्याच्या छातीला चिकटून होता, लखनच्या वेळी चिकटला होता तसाच.