मूठभर पीठ

दिपिकाने ताट कलतं करून पाहिलं. मुशी माशाचं कालवण पाण्यासारखं धावायला हवं होतं. ते सावकाश, पाय ओढत काठाशी आलं. तिने बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. चिकट लागलं. तांदळाचं पीठ.

"खा गो, गरम हाय तवर," चुलीपाशी बसलेली सासू म्हणाली.

दिपिका नुकतीच विरारहून, डॉक्टरीणबाईंकडून परतली होती. बाळंतपण झालं तरी तिची साखर उतरत नव्हती आणि पोटावरचे टाके भरत नव्हते. भात बंद, पेज बंद, गूळ बंद, भाकरी चतकोर. मासे, अंडी, पालेभाजी पोटभर. बाईंनी सांगितलेलं हे सगळं तिने इमानाने पाळलं होतं. चांदीप गावात, स्वतःच्या शेतातला तांदूळ खाणाऱ्या घरात भाताला नाही म्हणायचं म्हणजे देवघरात चपला घालून जायचं. तरी पाळलं होतं. आणि आज रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "तुम्ही चोरून खाताय. पुढच्या वेळी असंच निघालं तर अ‍ॅडमिट करेन. बाळ घरी ठेवून यायचं." रिक्षात हितेश बायकोला एवढंच म्हणाला, "खायचं होतं तर सांगून खायचं ना." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

ती उठली. टाक्यांना ओढ बसली, तशी भिंतीला हात लावून थांबली, मग ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली.

"आई, यात पीठ कोणी घातलं?"

सासूने, रंभाने, हात पदराला पुसले. लपवणं तिला जमायचं, खोटं बोलणं कधीच जमलं नाही.

"मीच घातला. रोजच घालते, मूठभर."

"मला भात चालत नाही, सांगितलं होतं मी तुम्हाला."

"भाताबिगर दूध येते काय कुनाला? डाक्टरनीला सांगायला काय जाते! पोर उपाशी राहील तवा ती येनार हाय पाजायला? आमची सगली पोरं पेजेवर वाढली."

दिपिकाचे कान तापले. म्हातारी दुष्ट नव्हती, हीच तर पंचाईत होती. दुष्ट असती तर कडकडून भांडून मोकळं होता आलं असतं. पण ही रोज सकाळी तिच्यासाठी बंदरावरून ताजी मुशी मागवायची, साफ करून द्यायची, आणि त्याच मायेच्या हाताने वर पीठ सोडायची.

"सरका जरा. मी आत येते."

"आत?" रंभा दारात आडवी झाली. "सवा महिना झाला नाय अजून. या घरात बाळंतीन चुलीला शिवत नाय."

"मग माझ्या हातचं कोणी खाऊ नका. मी माझ्यापुरतं करते."

आवाज ऐकून हितेश ओटीवरून आत आला. दिपिकाने ताट त्याच्या हातात दिलं.

"हे बघ, मी चोरून खात होते ते. चाख."

त्याने चाखलं. आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"आई, तू पण ना..."

"आईला नंतर बोल. आधी मला सांग, मी चोरून खाल्लं?"

"नाही."

"मोठ्याने. बाहेर बाबा बसलेत. त्यांनाही तूच सांगितलंस ना मघाशी?"

हितेशने मान वर केली. "नाही खाल्लं तिने!" तो खरंच ओरडला. ओटीवर सासऱ्याचं, रामनाथचं, खोकणं मध्येच थांबलं.

दिपिकाने कानांवर बांधलेला रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि उंबरा ओलांडला. रंभा अंग चोरून भिंतीला लागली, जणू सून नाही, विंचूच घरात शिरला. दिपिकाने चुलीवरचं टोप उतरवून तवा ठेवला. कच्च्या मुशीचे तुकडे उरले होते, त्यांना मीठ, हळद, मसाला चोळला. पिठाच्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेल तापलं आणि तुकडे चरचरले. तिला एकदम खूप भूक लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपल्या पोटात काय जाणार आहे हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला उघड उघड आनंद झाला.

"उद्या पोर दुधापाई रडंल," रंभा भिंतीपासून म्हणाली. "तवा माज्याकडं येऊ नको."

तेवढ्यात आतल्या खोलीत पाळणा हलला आणि पोर रडायला लागलं. चांगलं घसा फोडून. दिपिका वळायच्या आतच तिचा गाऊन छातीवर भिजला, दोन्हीकडून, आणि डाग खाली उतरत गेला. समोर नवरा होता, सासू होती. तिने रुमाल पुढे ओढला नाही.

रंभा त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"बघ! माज्या पिठाचा पान्हा हाय तो."

"आजचा असेल," दिपिका म्हणाली आणि तव्यावरचा तुकडा उलटला. "उद्यापासूनचा माझा. हितेश, बाळाला इकडे आण. चुलीपाशीच पाजते."