दारातला कारकून

"चौथ्या प्रकरणावर अडून बसू नकोस," तिचे मार्गदर्शक प्रोफेसर हॉलिस स्क्रीनवरून म्हणाले. "उद्या ते मागे घेतेस म्हणून सांग. तोंडी परीक्षा तासाभरात आटपेल."

"आणि नाही घेतलं तर?"

"परीक्षकांच्या दोन पुस्तकांच्या विरुद्ध आहे ते. पीएचडी लांबेल, वर्षभर परत लिहायला लावतील."

"नाही घेत," निवेदिता म्हणाली. तिने लॅपटॉप मिटला आणि गॅरेजच्या दिशेने ओरडली, "आई, मशीन पाच मिनिटं बंद कर ना! डोकं उठलंय."

शिलाई मशीनची घरघर थांबली. शकुंतलाबाई गळ्यात टेप घालूनच बाहेर आल्या. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआ गावातल्या त्या घरात दोघीच राहायच्या.

"क्लबची ऑर्डर आहे गं. चाळीस जर्सींवर नंबर, आणि शनिवारी मॅच." सोफ्यावरचा जर्सींचा ढीग बाजूला करून त्या टेकल्या. "काय म्हणाले तुझे सर?"

"माघार घे म्हणाले."

"आहे तरी काय त्या प्रकरणात?"

निवेदिताला सांगायला आवडायचं. पुण्यात संख्याशास्त्र शिकल्यापासून तिला एक सवय होती. आकडा दिसला की तो कुणी मोजला, कुठे उभं राहून मोजला, हे शोधायचं.

"दीडशे वर्षांपूर्वीची इटली बघ. तुकडे जोडून नवा देश झाला, पण गरीब. वीस-तीस वर्षं उद्योग रखडले, आणि मग एकदम गिरण्या, एकदम कामगार. सगळे त्याला झेप म्हणतात. मी एका दरीतल्या अकरा गावांच्या जनगणनेच्या मूळ याद्या काढल्या. तिथल्या बायका घरात चाकावर रेशीम काढायच्या, व्यापारी येऊन न्यायचा. यादीत त्यांच्यापुढे काय लिहिलंय? घरकाम. दहा वर्षांनी गिरणी आली. त्याच बायका, तेच रेशीम. आता लिहिलंय, कामगार."

"म्हणजे झेप नाहीच?"

"आहे, पण निम्मी. बाकीचं काम आधीपासून होतंच. फक्त मोजलं नव्हतं."

"का नाही मोजलं?"

"कारकून दारात उभा राहायचा. पुढे येईल त्याला विचारायचा, ही काय करते? तो म्हणायचा, घरीच असते."

शकुंतलाबाईंनी बाहीचा लोंबता दोरा दातांनी तोडला. "आणि आत चाक फिरतंय, ते त्या मेल्याला ऐकू येत नव्हतं?"

"येत असणार."

"मग माघार कसली घेतेस? बस त्यांच्या उरावर!" त्या उठल्या. "पॅन्ट आण इकडे. कमरेत ढगळ होतेय, आत घेते. परीक्षेत सारखी वर ओढत बसशील."

दुसऱ्या दिवशी वेलिंग्टनला जाताना गाडीत निवेदिताने नोट्स उघडल्याच नाहीत.

परीक्षक वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी सरळ चौथं प्रकरण उघडलं. "इतक्या सगळ्या कारकुनांना तुम्ही खोटारडे ठरवताय."

"नाही सर. मनाला येईल तसं खोटं लिहिलं असतं, तर चुका दोन्ही बाजूंना पडल्या असत्या. इथे अकराही गावांत चूक एकाच बाजूला आहे. ही माणसं प्रामाणिक होती."

"प्रामाणिक माणसाला चाकाचा आवाज ऐकू आला नाही?"

"आला. पण त्यांना तो कामाचा वाटला नाही, घराचा वाटला."



"हे प्रकरण परत लिहायला सांगितलं तर?" परीक्षकांनी विचारलं.

"वर्षभर बसून हेच परत लिहीन, सर. शब्द बदलतील. आकडे नाही बदलणार."

वीस मिनिटांनी तिला आत बोलावलं. पास. चौथ्या प्रकरणात एकही दुरुस्ती नाही. "माझ्या येऊ घातलेल्या तिसऱ्या पुस्तकाची वाट लावलीत तुम्ही," हात मिळवत परीक्षक म्हणाले.

स्टेशनजवळच्या डेअरीतून आईच्या आवडीचं आइस्क्रीम घेऊन ती धावतच घरी आली. "आई! डॉक्टर झाले! चौथं प्रकरण जसंच्या तसं!"

"मला माहीतच होतं!" गॅरेजमधून आवाज आला. "आलेच हं. शेवटच्या सहा जर्सी राहिल्यात." मशीन परत सुरू झालं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात टॅबलेट घेतलेली एक बाई उभी होती. "किया ओरा, नमस्कार! रोजगाराच्या पाहणीसाठी तुमचं घर निवडलं गेलंय. दहा मिनिटं द्याल?"

"आकडेवाल्यांना मी कधीच नाही म्हणत नाही," निवेदिता हसली. स्वतःची सगळी उत्तरं तिने नेमकी दिली. विद्यापीठातले तास, संशोधन, सगळं.

"घरात आणखी कोण?"

"आई."

"गेल्या आठवड्यात त्यांनी काही काम केलं? एक तासभर असेल तरी चालेल."

मशीनच्या आवाजात प्रश्न नीट ऐकू आला नाही. निवेदिताने गॅरेजकडचं दार ओढून घेतलं आणि बाईला तो परत विचारायला लावला.

"छे हो," ती म्हणाली. "ती घरीच असते."