वरच्या खाचरातली बादली

नोरीना जस्ताची बादली घेऊन चढण चढून आली, तेव्हा तिच्या धाकट्या भावाच्या फाटकापाशी पाटी लावायचं काम चाललं होतं. चांगली दाराएवढी उंच, हिरवीगार पाटी. 'पाणी वाचवणारं शेत.' अक्षरांच्या खाली बगळ्याचं चित्र. खरा बगळा अलीकडे लोमेल्लिनाच्या या भातपट्ट्यात फिरकत नाही, पण चित्रातला मात्र झकास जमला होता.

एर्मेस पाटीच्या खांबासाठी खड्डा खणत होता. शेजारी तांदळाच्या गिरणीकडून आलेली एक बाई फोन घेऊन उभी होती, फोटो काढायला. पांढरे बूट घालून भातशेतात! आणि त्या बुटांना चिखलाचा एक ठिपका नव्हता. लागणार कुठून?

"आज इकडे कुठं, ताई?" एर्मेसनं मान वर न करताच विचारलं.

"कार्मेलच्या माउलीचा सण आज. विसरलास होय रे?"

विसरला कसला! बापानं वाटणी करून वरची खाचरं त्याला दिली, उताराची तिला. तिच्या वाट्याला पाट नव्हता, होता तो झरा. त्याच्यावर तिचं सगळं शेत. दर वर्षी या सणाला खालच्या माणसानं वरच्या खाचरातलं बादलीभर पाणी न्यायचं आणि आपल्या झऱ्याच्या तोंडाशी ओतायचं. पाण्याला वाट दाखवायची म्हणतात त्याला. वाट पाण्याला ठाऊकच होती म्हणा. वसंतात वरची खाचरं काठोकाठ भरायची, आणि उन्हाळ्यात खाली झरे उसळायचे. बदल्यात नोरीना येताना तळलेल्या बेडकांचं ताट आणायची. यंदा ताट नव्हतं. बेडूकच नव्हते, तर तळणार काय, कपाळ!

तिनं बांधावरून वरच्या खाचरात पाहिलं. भात ताठ उभा होता. बुडाशी माती भेगाळलेली. कोरड्यात पेरायचं, पाळीचं पाणी नुसतं फिरवायचं आणि लगेच काढून द्यायचं, अशी एर्मेसची नवी पद्धत होती. वरच्या अंगाचे सगळेच आता तसं करतात. बादली बुडेल एवढं पाणी सोडा, चिमणीची चोच ओली होईल एवढंही नव्हतं.

"एर्मेस, झरा आटला रे माझा," ती म्हणाली. "भात पोटरीत आलाय. आत्ता पाणी नाही मिळालं तर दाणाच भरणार नाही, नुसतं पळंज कापायला लागेल. आता पाळी येईल तेव्हा पाणी काढून देऊ नकोस. आठवडाभर साठवून धर. मुरेल तेवढं मुरू दे."

"माझ्या एकट्याच्या खाचरानं काय होतंय?"

"एकानं तरी सुरू कर की. मग बाकीच्यांच्या पाया पडते मी."

एर्मेसनं कुदळ टेकवली. बाईकडे बघून आवाज खाली आणला. "अगं, आकाशातून बघतात हे लोक. पाणी साचलेलं दिसलं की पाटी काढून नेतील, तांदूळही घेणार नाहीत. आणि ते खोटं नाही बोलत, ताई. साचलेल्या पाण्यातून वायू निघतो. त्यानं हवा तापते. म्हणून तर डोंगरावर बर्फ पडेना, नदीला पाणी येईना."

"म्हणजे हा दुष्काळ मी आणला?"

"तसं म्हणालो का मी?"

"मग कसं म्हणालास? तू शहाणा झालास, सगळ्या जगाची काळजी करायला लागलास. चांगलं आहे. त्या जगात मी येते का रे कुठं?"

एर्मेस कुदळीला चिकटलेली माती खरवडायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर तिला चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

इतक्यात बाईनं घड्याळात बघितलं. "सिमेंट कालवून घ्यायचं का आता? ऊन वर आलं की फोटो चांगला येत नाही."

सिमेंटला पाणी हवं. एर्मेसनं इकडेतिकडे पाहिलं आणि बहिणीच्या हातातली बादली घेतली. अंगणातल्या नळाखाली ती भरून आणली.

"उरलं तर तू घेऊन जा खाली," तो म्हणाला. म्हणून गेला खरा, पण कानशिलं लाल झाली त्याची.

नोरीनानं त्याच्या हातून बादली काढून घेतली. बापाच्या वेळची जुनी बादली, कडीला तारेचा पीळ. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळीच्या सगळी खड्ड्यात उपडी केली.

"अहो मावशी!" बाई किंचाळली. "असं काय करता? केवढं पाणी वाया घालवलंत!"

तिघंही खड्ड्यात बघत होती. पाणी गरगर फिरलं, फेसाळलं आणि जमिनीनं ते पिऊन टाकलं. तळाशी ओली माती तेवढी राहिली.

नोरीनानं रिकामी बादली हाताला अडकवली.

"आमचा बाप जन्मभर असंच वाया घालवायचा, बाई," ती म्हणाली. "त्यावर माझं शेत पिकायचं."